सुट्टीतील समृद्धी वर्ग : निवड, आखणी आणि पाठपुरावा

उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी भरणाऱ्या वर्गांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला छंदवर्ग, ज्यात पोहणे, चित्रकला, तबला किंवा हस्तकला यांची तोंडओळख होते. दुसरा पुढील इयत्तेचा अभ्यासक्रम आगाऊ उरकणारा शिकवणीवर्ग. आणि तिसरा समृद्धी वर्ग, म्हणजे शालेय पुस्तकाच्या चौकटीबाहेरचा, परंतु मुलाच्या आकलनाच्या आवाक्यातला एखादा विषय घेऊन त्यावर जाणत्या मार्गदर्शकाच्या सोबतीने काही दिवस सलग काम करू देणारा वर्ग. जाहिरातीत तिन्हींना 'समर कॅम्प' हे एकच नाव असल्यामुळे पालकांची गल्लत होते, आणि ज्या मुलाला तिसऱ्या प्रकाराची भूक आहे ते अनेकदा दुसऱ्या प्रकारात जाऊन बसते. छंदवर्गाला स्वतःचे मोल आहे आणि काही मुलांना उजळणीचीही गरज असते. परंतु विलक्षण बुद्धीच्या आणि चौकस मुलांसाठी समृद्धी वर्गाला पर्याय नाही. असा वर्ग ओळखावा कसा, निवडावा कसा आणि जवळपास तो नसेल तर उभा कसा करावा, याचा विचार पुढे केला आहे.

समृद्धीकरण आणि गतिवर्धन

प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना दोन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. गतिवर्धन म्हणजे तोच अभ्यासक्रम कमी वेळात पार करणे, आणि समृद्धीकरण म्हणजे अभ्यासाची खोली व रुंदी वाढवणे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि अशा मुलांना शाळेच्या वेगाने चालायला लावणे अन्यायाचे आहे, अशी भूमिका घेतली. जोसेफ रेन्झुली यांनी १९७७ साली समृद्धीकरणाचे तीन टप्प्यांचे प्रतिमान मांडले. पहिल्या टप्प्यात मुलांना अनेक विषयांची ओझरती भेट घडते. दुसऱ्यात निरीक्षण, मोजमाप, नोंद, युक्तिवाद, सादरीकरण ही कौशल्ये येतात. आणि तिसऱ्यात मूल एकटे किंवा लहान गटात, ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही अशा खऱ्या प्रश्नावर काम करते.

आपल्याकडील बहुतेक उन्हाळी शिबिरे पहिल्या टप्प्यावरच संपतात. सोमवारी रॉकेट, मंगळवारी ज्वालामुखी, बुधवारी रोबोट आणि शनिवारी प्रमाणपत्र, अशा वेळापत्रकात मुलांची करमणूक होते, परंतु कोणत्याही प्रश्नापाशी थांबण्याची, चुकण्याची आणि चूक शोधून काढण्याची सवड त्यांना मिळत नाही. ज्या वर्गात मूल निदान एका प्रश्नासाठी तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचते, तोच समृद्धी वर्ग या नावाला पात्र होय. हा एक निकष ध्यानात ठेवला तर निवडीचे बरेचसे काम सोपे होते.

वर्ग कोणासाठी

प्रज्ञा म्हणजे केवळ वरचा बुद्ध्यंक किंवा पहिला क्रमांक नव्हे, ही जाण आता शिक्षणशास्त्रात रुजली आहे. रेन्झुली यांनी १९७८ साली तीन वर्तुळांची कल्पना मांडली, ज्यात सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती या तिन्हींच्या छेदात प्रज्ञावान वर्तन दिसते. यातील तिसरे वर्तुळ पालकांच्या विशेष उपयोगाचे आहे, कारण ते घरी, कोणत्याही चाचणीविना दिसू शकते. जे मूल बंद पडलेले घड्याळ उघडून तासन्तास बसते, जे एकाच पक्ष्याच्या घरट्याकडे आठवडाभर रोज पाहते, जे दिलेले उदाहरण सुटल्यावरही दुसरी रीत शोधते, त्याला या वर्गाची गरज आहे, मग त्याच्या गुणपत्रिकेत काहीही लिहिलेले असो.

याउलट, गुण भरपूर असूनही नेमून दिलेल्या कामापलीकडे पाऊल न टाकणाऱ्या मुलाला वर्ग नाकारण्याचेही कारण नाही. जिज्ञासा पुष्कळदा दबलेली असते आणि मोकळीक मिळताच वर येते. ज्यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होते अशा मुलांकडे शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. सुट्टीत धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी, घरी गोंडी किंवा भिली बोलणारे आणि शाळेतील प्रमाण मराठीत अडखळणारे मूल, मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर यंत्रांची चित्रे काढणारा अबोल मुलगा, यांची नावे शिफारशीच्या यादीत आपोआप येत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी दर्जेदार निवासी उन्हाळी कार्यक्रमांची शिफारस करताना प्रवेश गुणवत्तेवर आधारलेला पण न्याय्य असावा आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील विद्यार्थीही त्यात यावेत, असे म्हटले आहे. लहान प्रमाणावर वर्ग चालवणाऱ्यांनीही हे तत्त्व पाळावे.

महाराष्ट्रातील परंपरा

या कामाची महाराष्ट्राला जुनी परंपरा आहे. डॉ. विनायक विश्वनाथ तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाला सामाजिक जबाबदारीची जोड दिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुंबईत कार्यरत असून विज्ञान ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय पातळीवरील शिबिरांची धुरा ते वाहते. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने शालेय वयातील गणितप्रेमींना खऱ्या गणिताची चव दाखवली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेत शहरातील आठवी-नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काम करता येते, आणि तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेने टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची रीत घरोघरी नेली. इस्रोने २०१९ साली सुरू केलेला 'युविका' हा नववीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विनामूल्य निवासी कार्यक्रम देशातील सर्व राज्यांच्या मुलांना खुला आहे. अशा कार्यक्रमांचे अर्ज सुट्टी लागण्याच्या कितीतरी आधी, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवले जात असल्याने पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी परीक्षा संपण्याची वाट न पाहता संबंधित संस्थेकडे चौकशी करावी.

समृद्धी म्हणजे केवळ विज्ञान आणि गणित, हा समज मात्र सोडला पाहिजे. मोडी लिपीचा पंधरवड्याचा वर्ग, ज्यात मुले अक्षरओळखीनंतर घरातील किंवा गावातील एखादा जुना कागद स्वतः वाचण्याचा प्रयत्न करतात, हा तितकाच अस्सल समृद्धी वर्ग आहे. गावातील आजी-आजोबांकडून अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी शब्द गोळा करून त्यांचा लहानसा कोश रचणे, किंवा गावच्या विहिरींची जागा, खोली आणि उन्हाळ्यातील पाण्याची पातळी नोंदवून नकाशा काढणे, यांतूनही अभ्यासकाचे तेच गुण घडतात.

वर्गाचे स्वरूप : दोन उदाहरणे

चांगल्या समृद्धी वर्गात नेमके काय घडते, हे उन्हाळ्याच्याच एका देणगीतून स्पष्ट होईल. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या भारतातील प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. त्या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. गोव्यात तो मे महिन्याच्या आरंभी येतो, कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास, पुण्यात मेच्या मध्यावर, नाशिकला २० मेच्या सुमारास आणि नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात. सामान्य शिबिरात हा चमत्कार दाखवून, टाळ्या वाजवून मुलांना घरी पाठवले जाते. समृद्धी वर्गात येथून कामाला प्रारंभ होतो.

कोल्हापूर आणि नाशिक ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर असून त्यांचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३६७ किलोमीटर आहे. कोल्हापुरात सावली नाहीशी होते त्याच दिवशी नाशिकमधील मुलांचा गट १ मीटर उंचीची काठी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ उभी करतो आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करतो. सावली सर्वांत आखूड कधी होते, हे मुलांनी स्वतः शोधायचे असते. ती वेळ घड्याळातल्या बारा वाजता येत नाही, साडेबाराच्या आसपास येते, आणि असे का, हा पहिला प्रश्न जन्माला येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असून नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, हे उत्तर नकाशा पाहून मुलेच काढू शकतात. सर्वांत आखूड सावली साधारण ५.८ सेंटीमीटर भरते. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२८ सेंटीमीटर असतो आणि त्यात ५.८ सेंटीमीटरचा तुकडा जवळपास १०८ वेळा बसतो. म्हणजे कोल्हापूर-नाशिक हे अंतर पृथ्वीच्या परिघात १०८ वेळा बसले पाहिजे, आणि ३६७ ला १०८ ने गुणले की परीघ येतो सुमारे ३९,६०० किलोमीटर, जो प्रत्यक्ष ४०,००० किलोमीटरच्या अगदी निकट आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये वापरलेली युक्ती सातवी-आठवीच्या मुलांना त्रिकोणमितीचा गंधही नसताना अशी वापरता येते.

परंतु खरे शिक्षण याच्या पुढे आहे. एखाद्या गटाची सावली ५ सेंटीमीटर भरते आणि पृथ्वी ४६,००० किलोमीटरची होते. दुसऱ्याची साडेसहा भरते आणि ती ३५,५०० किलोमीटरवर येते. अशा वेळी मार्गदर्शकाने बरोबर उत्तर सांगून टाकले तर वर्ग तेथेच संपतो. त्याऐवजी सावलीची कड इतकी पुसट का दिसते, असे विचारले तर मुले पुन्हा उन्हात जातात, सूर्य बिंदू नसून आकाशातली अर्ध्या अंशाची तबकडी आहे म्हणून कड विरळ होत जाते, हे ताडतात, काठीच्या टोकाला भोकाचा पुठ्ठा लावून पाहतात, जमीन समतल आहे का ते तपासतात. मोजमापातील चूक ही लाजेची गोष्ट नसून अभ्यासाचाच विषय आहे, हा संस्कार शाळेच्या उत्तरपत्रिकेत मिळत नाही आणि तो ज्या मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षी मिळाला त्याच्या विचाराची घडण कायमची बदलते.

दुसरे उदाहरण कागद-पेन्सिलीचे आहे. देवळालीतील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा एक गुणधर्म मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर तीच क्रिया करत राहावे. २०२५ पासून आरंभ केल्यास ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पायरीला ६१७४ मिळते, आणि त्यानंतर तीच संख्या पुन्हा पुन्हा येते. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. इथवर ही गंमत आहे. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग का जातो, तीन अंकी संख्या घेतल्यास कुठे पोहोचता येते आणि दोन अंकी संख्या एका ठिकाणी न थांबता गोल का फिरत राहतात, हे प्रश्न मुलांनी स्वतः मांडले की गणित सुरू होते. पदव्युत्तर शिक्षण किंवा प्रयोगशाळा हाताशी नसतानाही आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिलेला एक मराठी शाळामास्तर जगाच्या गणितात नाव कोरून गेला, ही वस्तुस्थिती लहान गावातील मुलाला जो धीर देते तो कोणत्याही व्याख्यानातून मिळणार नाही.

निवडताना काय तपासावे

वर्गाची चौकशी करताना पालकांनी शुल्क आणि जागेपलीकडे काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. पहिली गोष्ट मार्गदर्शकाची : शिकवणारी व्यक्ती स्वतः त्या विषयात काही करते का, आणि 'हे मला माहीत नाही, शोधून पाहू' असे मुलांसमोर म्हणण्याची तिची तयारी आहे का. दुसरी गोष्ट संख्येची : एका मार्गदर्शकामागे बारा-पंधराहून अधिक मुले असतील तर प्रत्येकाच्या प्रश्नाला वेळ देणे अशक्य होते. तिसरी गोष्ट कालावधीची : एका विषयाला सलग पाच-सहा दिवस तरी मिळत आहेत की रोज नवा विषय आहे. चौथी गोष्ट मोकळ्या वेळेची : वेळापत्रकात मुलांनी आपापसात बोलण्याला, पुन्हा करून पाहण्याला जागा आहे की प्रत्येक तास व्याख्यानाने भरला आहे. पाचवी गोष्ट फलिताची : शेवटच्या दिवशी मूल काय घेऊन येते, प्रमाणपत्र आणि छापील तक्ता, की स्वतःच्या अक्षरातील नोंदवही. निवासी शिबिर असल्यास राहण्याची व्यवस्था, मुलींसाठी महिला कार्यकर्त्यांची उपस्थिती, वैद्यकीय सोय आणि घरी बोलण्याची मुभा यांची स्पष्ट माहिती घ्यावी.

काही दाव्यांपासून दूरच राहावे. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलाला वाचता येईल, मेंदूचा एखादा भाग काही दिवसांत 'जागृत' करून स्मरणशक्ती अनेक पटींनी वाढेल, किंवा बोटांच्या ठशांवरून मुलाची प्रज्ञा ओळखता येईल, या गोष्टींना शास्त्रीय आधार नाही. त्यांत पैसा तर जातोच, शिवाय पट्टीच्या फटीतून पाहून 'दिसले' असे सांगण्याची सवय मुलाला लागते, आणि सत्याशी प्रामाणिक राहणे हा जो अभ्यासकाचा पहिला गुण, तोच कोवळ्या वयात मोडतो.

गावात वर्ग नसेल तर

मोठ्या संस्था मोजक्या शहरांत आहेत, म्हणून इतर मुलांनी वंचित राहावे असे नाही. एक उत्साही शिक्षक, शाळेची एक खोली किंवा ग्रामपंचायतीचे वाचनालय आणि दहा दिवस एवढ्यावर उत्तम वर्ग उभा राहतो. विदर्भ-मराठवाड्यातील ऊन लक्षात घेता वर्ग सकाळी सात ते दहा या वेळेत ठेवावा, आणि सावलीच्या प्रयोगासारखे दुपारचे काम असेल तर ते टोपी, पाणी आणि झाडाच्या आश्रयाची सोय करून शक्य तितक्या लवकर आटोपावे. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी आणि रोज द्यावी.

दहा दिवसांची आखणी साधी असावी. पहिले दोन दिवस विषयाची भेट आणि प्रश्नांची नोंद, पुढचे तीन दिवस मोजमाप, नोंद आणि आलेख यांचा सराव, त्यानंतरचे चार दिवस प्रत्येक गटाने निवडलेल्या एका प्रश्नावर काम, आणि शेवटच्या दिवशी पालक व गावकऱ्यांसमोर सादरीकरण. साहित्य म्हणून मीटरपट्टी, दोरा, ओळंबा, कार्डशीट, भिंग, वजनकाटा आणि वह्या पुरेशा आहेत. गावातील जाणकारांना वर्गात बोलवावे. विहीर खोदणारा, बियाणे राखणारी शेतकरी बाई, पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक यांच्याकडे असलेले ज्ञान मुलांच्या प्रश्नांना थेट भिडते. दूरच्या गावातील एखाद्या शिक्षकाशी फोनवर जोडणी केली तर दोन शाळा मिळून पृथ्वी मोजू शकतात, आणि आपल्या नोंदीवर दुसऱ्या गावातील मुलांचे उत्तर अवलंबून आहे हे कळल्यावर मुले ती नोंद अधिक काळजीने करतात.

वर्गानंतर

पालकांचे काम वर्गाचे शुल्क भरून संपत नाही. घरी आल्यावर 'आज काय शिकवले' यापेक्षा 'आज काय कळले नाही' असे विचारणे अधिक फलदायी ठरते, कारण न कळलेल्या गोष्टीची लाज वाटू नये, ही शिकवण घरातूनच मिळावी लागते. मुलाला 'हुशार' म्हणून चारचौघांत मिरवणे टाळावे. ती पदवी राखण्याच्या भीतीने अनेक मुले कठीण प्रश्नाला हात लावणेच सोडतात. सुट्टीचा प्रत्येक दिवस वर्गांनी भरून टाकणेही अयोग्य आहे. आंब्याच्या झाडाखाली निरुद्देश घालवलेली दुपार, आजोळी वाचलेले पुस्तक आणि भावंडांबरोबरचे खेळ यांतूनच पुढच्या वर्गात विचारायचे प्रश्न जमा होतात.

शिक्षकांची जबाबदारी जूनमध्ये सुरू होते. शाळा उघडल्यावर वर्गाला गेलेल्या मुलाची नोंदवही आवर्जून पाहावी, तिच्यातील एखादा अपुरा प्रश्न सर्वांसमोर ठेवावा आणि वर्षभरात महिन्यातून एक तास अशा कामासाठी राखून ठेवावा, अन्यथा सुट्टीत फुललेली जिज्ञासा पहिल्या घटक चाचणीपर्यंत कोमेजते. सावलीचा प्रयोग केलेल्या मुलांना त्यासाठी एक सोपे काम देता येईल. सूर्य दक्षिणेकडे परतताना पुन्हा एकदा आपल्या गावाच्या डोक्यावरून जातो, आणि कोल्हापूर-नाशिक पट्ट्यात तो दिवस जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो. ती तारीख मुलांनी आपल्या गावासाठी स्वतः काढावी आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. त्या दिवशी बहुधा पाऊस असेल, अंगणात काठीची सावली पडणार नाही आणि पाहण्यासारखे काहीही घडणार नाही, तरीही त्या मध्यान्ही ढगांच्या वर सूर्य नेमका कुठे आहे, हे वर्गातील त्या मुलांना स्वतःच्या मोजमापाने ठाऊक असेल.